दहावीच्या वर्गाचा निरोप

(सामुदायिक रेडिओवरील ‘मैत्रिणींशी गप्पा’ या सत्रात आषाढ महिन्यात दिलेले भाषण)

पहिली पाळी करून आलेल्या, दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत असलेल्या आणि घरात भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

नेहमी मी तुमच्याशी बचत, व्याज, बँकेची फाईल यावर बोलते. आज एका शाळेतल्या निरोप समारंभाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आता जुलै महिना चाललाय, निरोप समारंभ तर जानेवारीत होतात. खरं आहे. पण त्या दिवशी जे ऐकलं त्याचा पाठपुरावा करता करता जुलै उजाडला, आणि अजून तो संपलेला नाही.

झालं असं की, २०२५ च्या जानेवारीच्या शेवटी चाकणजवळच्या एका माध्यमिक शाळेने दहावीच्या निरोपाच्या जेवणाची ऑर्डर आमच्या एका बचत गटाला दिली. एकशे साठ ताटं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि जिलेबी. गटाच्या आठ जणी पहाटे चारपासून कामाला लागल्या होत्या. मी समन्वयक म्हणून हिशोबाला आणि जरा हाताखाली म्हणून गेले होते. चूल मांडली होती मांडवाच्या मागच्या बाजूला. त्यामुळे आम्हाला स्टेज दिसत नव्हतं, पण माईकवरचं सगळं ऐकू येत होतं.

सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. सरस्वतीच्या फोटोला हार, पाहुण्यांचा सत्कार, नववीच्या मुलींचं स्वागतगीत. पाहुण्यांनी कॉपी करू नका, वेळेवर झोपा, असं सांगितलं. दहावीच्या वर्गाने शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. मग मुख्याध्यापक म्हणाले, आता ज्यांना बोलायचंय त्यांनी दोन दोन मिनिटं बोला. आम्ही पुऱ्या तळत होतो. मुलं काय बोलणार? स्नेहसंमेलन, सहल, अमक्या सरांचा मार. आम्हाला असंच वाटलं होतं.

पहिलाच मुलगा आला आणि म्हणाला, “मला शाळेतल्या प्रत्येक वर्गातला माझा बाक आठवतो. सहावीतला आठवत नाही. कारण सहावीत मला बाकच नव्हता.”

झारा हातात तसाच धरून एक ताई थांबली. मीही थांबले.

मैत्रिणींनो, जरा हिशोब करून बघा. ज्या मुलांनी २०२५ साली दहावीची परीक्षा दिली, ती मार्च २०२० मध्ये पाचवीत होती. करोना आला, शाळा बंद झाल्या, त्यांची पाचवीची वार्षिक परीक्षाच झाली नाही. सगळी वर पाठवली गेली. सहावीचं वर्ष जवळजवळ सगळं घरात गेलं. सातवीत असताना, ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग उघडले. शहरात त्या दिवशी आठवीपासून पुढचेच उघडले. त्यामुळे चाकणच्या बाजूची सातवीतली मुलं शाळेत जात होती आणि नदीपलीकडे महापालिकेच्या हद्दीतली सातवीची मुलं अजून घरीच होती. जानेवारीत पुन्हा बंद, मग पुन्हा सुरू. पहिलं सलग, पूर्ण वर्ष त्यांना मिळालं ते आठवीचं. म्हणजे हायस्कूलचा पाया घालायची जी दोन वर्षं, तीच या वर्गाला मिळाली नाहीत.

त्या काळात काहीच झालं नाही असं नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून रोज मोबाईलवर अभ्यास यायचा. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागायची. कित्येक शिक्षक ओट्यावर, देवळात चार चार मुलं बसवून शिकवत होते. पण अभ्यास मोबाईलवर यायचा आणि मोबाईल असायचा बापाच्या खिशात. बाप कंपनीत.

त्या दिवशी एक मुलगी बोलली. ते तीन भावंडं, फोन एक. मोठा भाऊ तेव्हा दहावीला, म्हणून पहिला हक्क त्याचा. मग धाकट्याचा, कारण तो रडायचा. हिच्या वाट्याला फोन यायचा रात्री साडेअकराला, वडील दुसऱ्या पाळीवरून आल्यावर. “मी गृहपाठाचे फोटो रात्री बारा वाजता पाठवायचे. बाई सकाळी सहाला उत्तर द्यायच्या. मला वाटायचं, बाई झोपतात कधी?” सगळा मांडव हसला. त्या बाई पुढच्याच रांगेत बसल्या होत्या, असं आम्हाला नंतर कळलं.

एक मुलगा म्हणाला, त्याचं कुटुंब लॉकडाऊनमध्ये खोली सोडून गावाला गेलं. कंपनी बंद, ठेकेदाराचा फोन बंद, खोलीचं भाडं चालूच. जिथे मिळेल तिथे वाहनाने आणि मधे मधे पायी. गावाला तो आजोबांबरोबर शेतात जायचा. दीड वर्षाने परत आला तेव्हा सातवीच्या वर्गात सरांनी भागाकार घातला आणि त्याला तो आलाच नाही. “मी पाचवीत वर्गात पहिला होतो. त्या दिवशी मला कळलं की आपण विसरलो. मी घरी जाऊन सांगितलं की मला शाळेत जायचं नाही.” मग सरांनी त्याला आणि अजून बारा जणांना शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवून तिसरीच्या पुस्तकापासून गणित घेतलं. सातवीच्या मुलांना तिसरीचं पुस्तक. त्याला लाज वाटायची म्हणून तो पुस्तकाला सातवीचं कव्हर घालून आणायचा. हे त्याने स्टेजवरून सांगितलं, आणि कोणी त्याला हसलं नाही.

मला वाटतं, मैत्रिणींनो, आपण आपल्या लेकरांना “तुमच्या वेळी सगळं सोपं” असं पटकन म्हणून टाकतो. आमच्या पायाला चप्पल नव्हती, आम्ही पाच किलोमीटर चालत जायचो, वगैरे. पण या मुलांनी जे पार केलंय ते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी माईक हातात मिळाला तेव्हा त्यांनी ते सांगितलं.

मग शेवटी दोन मुली एकत्र आल्या. एकटीला धीर होत नव्हता बहुतेक. त्यातली एक म्हणाली, “आमच्या आठवी ‘ब’च्या हजेरीपटावर एक्कावन्न नावं होती. आज आम्ही चव्वेचाळीस आहोत. चौघं जण आईवडिलांबरोबर दुसरीकडे राहायला गेले. दोन मुलं कामाला लागली. आणि आमची एक मैत्रीण आठवीच्या उन्हाळी सुट्टीत गावाला गेली, ती आली नाही.”

मग दुसरी म्हणाली, “ती आली नाही म्हणजे तिचं लग्न झालं. तिच्या साखरपुड्याला आम्हाला मेंदी काढायला बोलावलं होतं. आम्ही गेलो. आम्ही काढली. आज शाळेबद्दल बोलायचं तर आम्हाला तेच आठवतं.”

मांडवात एकदम शांत झालं. मुख्याध्यापकांनी माईक घेतला, पण त्यांनाही लगेच बोलता येईना.

आता मी तुम्हाला सांगते की आमच्या चुलीजवळ काय झालं. त्या मुलीची आई आमच्याच गटात आहे. त्या दिवशी ती कंपनीत होती म्हणून स्वयंपाकाला आली नव्हती. आणि मला आठवलं ते गटाचं कर्ज रजिस्टर. एप्रिल २०२३. अंतर्गत कर्ज चाळीस हजार रुपये. कारण: गावाकडच्या घराचे पत्रे बदलणे. हप्ते वीस. त्या ओळीखाली समन्वयक म्हणून तपासल्याची सही माझी आहे.

पत्रे बदलले नव्हते. त्या पैशातून चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न झालं होतं.

मला माहीत होतं का? खरं सांगायचं तर, मला विचारायचं नव्हतं. मुलगी बैठकीला आईबरोबर यायची, रजिस्टरमध्ये नावं लिहायला मदत करायची, तिचं अक्षर छान होतं. ती यायची बंद झाली. मी एकदा विचारलं, आई म्हणाली, “गावाला ठेवली आजीकडं.” मी बरं म्हटलं आणि पुढचं पान उलटलं. आणि ते कर्ज इतकं चोख फेडलं गेलं, एकही हप्ता चुकला नाही. डिसेंबरमध्ये शेवटचा हप्ता भरला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आपण बैठकीत पंचसूत्री म्हणतो ना: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोब लिहिणे. पाचही सूत्रं पाळली गेली होती. मुलीची शाळा मात्र सुटली होती.

दोन दिवसांनी मी तिच्या आईच्या खोलीवर गेले. हे मी आज तिला विचारून सांगते आहे. नाव सांगणार नाही, गाव सांगणार नाही, एवढं आमचं ठरलंय.

ती चिडली नाही. तिने चहा ठेवला. मग म्हणाली, “ताई, तुम्ही आता विचारताय. तेव्हा विचारलं असतं तर मी रडले असते बघा. आमचे हे नाईटला, मी फस्टला. सकाळी सहाला मी निघायची, ते साताला यायचे अन् झोपायचे. दुपारी मी येईपर्यंत लेकरू एकलं. चाळीत सगळे बाप्ये, सगळे परगावचे, कोण कुठला माहीत नाही. शाळेला जायचं तर हायवे ओलांडायचा, ट्रेलरच्या मधून. एकदा एक पोरगा तिच्या मागं आला. हे म्हणाले, आता बास. मी काय करायचं होतं, सांगा की.”

मैत्रिणींनो, मी बीए झालेली आहे, मला भाषण करता येतं. पण त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीचं लग्न अठराच्या आत आणि मुलाचं एकवीसच्या आत करणं हा गुन्हा आहे, हे तिलाही माहीत होतं. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, हे भिंतीवर लिहिलेलं ती रोज वाचत होती. तिला कायदा माहीत नव्हता असं नाही. तिला सकाळी सहा ते दुपारी तीन या वेळात मुलगी कुठे ठेवायची ते माहीत नव्हतं.

आपल्या या पट्ट्यात किती घरं अशी आहेत! लातूर, नांदेड, बीड, परभणी, बुलढाणा, यवतमाळ, कुठून कुठून आपण आलो. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, मोशी, सगळीकडे दहा बाय दहाच्या खोल्या. गावाला असतो तर आजी असती, चुलती असती, शेजारी जन्मापासूनचा ओळखीचा असता. इथे पगार आहे, पण माणूस नाही. म्हणून वयात आलेली मुलगी म्हणजे घरात एक धास्ती होऊन बसते. ही धास्ती खोटी नाही. पण तिच्यावर लग्न हा उपाय नाही, कारण लग्नाने धास्ती फक्त दुसऱ्या घरी जाते आणि मुलीची शाळा तेवढी कायमची सुटते.

त्यानंतरच्या बैठकीत मी रजिस्टरचं ते पान सगळ्यांसमोर उघडलं. माझी सही दाखवली आणि माझं चुकलं असं म्हटलं. वाटलं होतं सगळ्या त्या आईला बोल लावतील. पण एक ताई म्हणाली, “माझी सातवीत आहे. मी पण दुपारी तीनलाच येते.” मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. अकरा जणींच्या गटात पाच जणींच्या घरी वयात आलेली मुलगी दिवसा एकटी होती. इतके दिवस आम्ही दर महिन्याला भेटत होतो, पैसे मोजत होतो, आणि हे आम्हाला एकमेकींचं माहीत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी ठरवल्या. फार मोठ्या नाहीत. तुमच्या गटात करता येतील म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, शाळेत जायचं ते एकत्र. एका चाळीतल्या, एका गल्लीतल्या मुली एकाच वेळी निघतात. हायवे ओलांडायच्या ठिकाणी सकाळी एक ताई उभी राहते, पाळीपाळीने. ज्यांना एसटीने यावं लागतं त्यांच्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास आहे. त्यासाठी शाळेत चौकशी करायची. आमच्या गटातल्या तिघींना हा पास आहे हेच माहीत नव्हतं.

दुसरी, शाळा सुटल्यावर मुली एकट्या खोलीवर जाणार नाहीत. गटातल्या एका ताईचं शिलाईचं काम घरीच असतं, तिच्या पुढच्या खोलीत अभ्यासाला बसतात. लाईटबिलाचे महिन्याला दोनशे रुपये गट देतो. तिथे एक फोन ठेवलाय अभ्यासाला. तो कोणाच्या भावाचा नाही, मुलींचा.

तिसरी, कर्जाचं कारण नुसतं लिहायचं नाही, विचारायचं. घरात मुलगी असेल तर ती शाळेत जाते का, हेही विचारायचं. आणि शाळेच्या, कॉलेजच्या खर्चासाठी कर्ज मागितलं तर ते रांगेत पहिलं.

चौथी, कुठे लहान मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तर गप्प बसायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. फोन करणं म्हणजे त्या घरावर सूड उगवणं नव्हे. लग्नाच्या आधी फोन गेला तर बऱ्याचदा समजावून थांबवता येतं. लग्न झाल्यावर सगळ्यांचेच हाल होतात. आणि झालं तरी वाट पूर्ण बंद नसते. असं लग्न रद्द करून घ्यायचा अर्ज ती मुलगी न्यायालयात करू शकते, वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत.

हे सगळं मी तुम्हाला सांगते तेव्हा मला मुक्ता साळवे आठवते. पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपण दर तीन जानेवारीला भाषणात म्हणतो. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताने १८५५ साली आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेने तिला नुसती अक्षरं दिली नाहीत, आपल्या आजूबाजूला जे चाललंय ते चारचौघांत सांगायची हिंमत दिली. त्या दिवशी मांडवातल्या दोघी मुलींनी तेच केलं. गोड बोलून, सरांचे आभार मानून त्यांना खाली बसता आलं असतं. त्या बोलल्या म्हणून आम्हा मोठ्या बायकांना आमचं रजिस्टर उघडावं लागलं.

आता निकालाचं सांगते. परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली आणि १३ मेला निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. मुलींचा ९६.१४ आणि मुलांचा ९२.३१. म्हणजे त्या वर्षीही मुलीच पुढे. तिसरीच्या पुस्तकाला सातवीचं कव्हर घालणारा तो मुलगा पास झाला. रात्री बारा वाजता गृहपाठ पाठवणारी मुलगीही पास झाली, आणि चांगल्या मार्कांनी. ज्यांचा एखाददुसरा विषय राहिला, त्यांच्यासाठी जूनच्या शेवटी पुरवणी परीक्षा सुरू झाली. दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. त्यामुळे नापास झाली म्हणून घरी बसवा, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाईन झालाय. पूर्वी तो आपल्या पिंपरी-चिंचवडला होता, आता खेड तालुक्यालाही आहे. मुख्य म्हणजे कॉलेज निवडताना जायचा रस्ता बघून निवडा. बरेच लोक नाव बघून निवडतात, मग ऑगस्टमध्ये कळतं की दोन बस बदलाव्या लागतात, आणि दिवाळीत मुलगी घरी. ज्यांना हाताचं काम शिकायचंय त्यांना आयटीआय आहे. मोरवाडीला महापालिकेचं आहे, औंधला सरकारी आहे. मुलींनीही फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट करावं. आपल्या चाकणला असेंब्ली लाईनवर मुली उभ्या आहेतच. मशीनचं शिक्षण घेऊन उभ्या राहिल्या तर ठेकेदाराच्या मर्जीवर राहायला नको. आणि एक विनंती. दहावी झाली की भावाच्या आधारवर, वय वाढवून, ठेकेदाराकडे पाठवू नका. महिन्याला दहा-बारा हजार दिसतात, पण बोट मशीनमध्ये गेलं तर रजिस्टरवर तुमच्या लेकराचं नावच नसतं.

निकालानंतर गुणपत्रिका मिळाल्या. आमच्या बैठकीत बायका त्या घेऊन आल्या. तुम्ही कधी नीट बघितलीय का गुणपत्रिका? त्यावर विद्यार्थ्याच्या नावाखाली आईचं नाव छापलेलं असतं. वडिलांचं नाव मुलाच्या नावातच येतं, पण आईच्या नावाची वेगळी ओळ असते. एक ताई ती ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचत होती. म्हणाली, “माझं नाव कुठं छापून आलेलं हे पहिल्यांदाच बघतेय.” रेशनकार्ड, आधार सोडून. सगळ्या हसल्या, पण सगळ्यांनी आपापली ओळ शोधली. तेवढ्यासाठी सांगते, दहावीचा फॉर्म भरताना आईचं नाव बरोबर लिहिलंय का ते बघा. नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात.

त्या बैठकीत ती आईसुद्धा होती. तिच्या हातात गुणपत्रिका नव्हती. तिने बाकीच्यांच्या बघितल्या, ‘छान आहे’ म्हणाली, आणि बैठक संपल्यावर मागे थांबली. “ताई, ते सतरा नंबरचं काय असतं?”

तर सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. वयाची चौदा वर्षं पूर्ण पाहिजेत आणि निदान पाचवी पास असलं पाहिजे. वयाला वरची मर्यादा नाही. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतो. अर्ज ऑनलाईन भरायचा असतो आणि मग नेमून दिलेल्या शाळेत कागद द्यायचे. तारखा मंडळ जाहीर करतं, त्या शाळेत विचारून घ्यायच्या. उशीर झाला तर जास्तीची फी पडते.

मी शाळेत गेले. त्या मुलीचा दाखला कोणी नेलाच नव्हता. लिपिक म्हणाले, “आम्ही नाव कमी केलं, पण दाखला कोणी मागितला नाही, मग दिला नाही.” जनरल रजिस्टरमध्ये तिचं नाव, जन्मतारीख, आठवी उत्तीर्ण, सगळं होतं.

आता आषाढ चाललाय. आखाडात लेक माहेरी येते, तशी ती आली आहे. सोळा वर्षांची आहे. मी तिला भेटले. तिने मला ओळखलं. बैठकीच्या रजिस्टरचं अक्षर आता कोणाचं आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, माझंच, आणि वाईट आहे. ती हसली. मग त्या दोघी मैत्रिणी आल्या, त्याच मेंदी काढलेल्या. एक अकरावीला आहे, एक आयटीआयला. दहावीची सगळी पुस्तकं त्या पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. पिशवी खाली ठेवली आणि तिघी बराच वेळ काही बोललीच नाहीत.

पुढचं सांगायचं तर, बालसंरक्षणाच्या मॅडमशी बोलणं सुरू आहे. सासर काय म्हणतं, कायद्याने काय होईल, ते मी इथे सांगणार नाही, कारण ते तिचं आहे. तिचे वडील अजून तयार नाहीत. “लोक काय म्हणतील” एवढंच म्हणतात. पण पहिल्या दिवशी ते मला दारात बघून उठून बाहेर गेले होते, परवा बसून राहिले. आखाड सरल्यावर ती जाणार की राहणार, हे अजून ठरायचंय. कुठेही राहिली तरी सतरा नंबरचा अर्ज भरायचा, एवढं तिने स्वतः ठरवलं आहे. दाखला काढून झालाय. तो माझ्या फाईलमध्ये नाही, तिच्याकडेच दिलाय.

आणि तिची आई. ती सातवी पास आहे. तिने मला हळूच विचारलं, “दोन फॉर्म भरले तर फी दुप्पट लागंल ना?” मी म्हटलं, हो, लागेल. ती म्हणाली, “मग गटाकडं अर्ज टाकते.” या महिन्याच्या बैठकीत तो अर्ज आला. कारणाच्या रकान्यात या वेळी तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: शाळा, दोघींची. आम्ही सगळ्यांनी त्या अर्जावर सह्या केल्या. माझीही आहे.

मैत्रिणींनो, आज रात्री एक करा. तुमच्या घरातली मुलं कितवीला आहेत ते विचारू नका, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या वर्गात कोण यायचं बंद झालं, ते विचारा. मुलांना ते बरोबर माहीत असतं. नाव कळलं की तिची आई कोणत्या गटात आहे ते शोधा. आपल्याच कोणाच्या तरी गटात असेल. पुढच्या बैठकीच्या आधी तिच्या खोलीवर जाऊन या, चहाला.